आठ-दहा वर्षांच्या मुलांना होमर कसा शिकवावा?

चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही होमरची प्राचीन ग्रीक महाकाव्ये आठ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवता येतील का, येत असतील तर सुरुवात कोठून करावी, त्यांतल्या रक्तपाताचे काय करावे, आणि स्वतःला ग्रीक येत नसताना हे काम अंगावर घ्यावे का. त्यांच्या मुख्याध्यापकांचा एक रास्त प्रश्नही त्यांनी जोडला आहे: रामायण-महाभारत घरात असताना हे कशासाठी? या वयाच्या मुलांना मी बरीच वर्षे होमर सांगत आले आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

होमर या मुलांना शिकवता येतो, आणि मोठ्या मुलांपेक्षा त्यांना तो लवकर भिडतो. माझी अट एकच आहे, की तो त्यांना वाचायला देऊ नये, ऐकवावा. बाजारात मिळणारी सचित्र संक्षिप्त आवृत्ती आणायची, एकेका मुलाला एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावायचा आणि धड्याखालचे प्रश्न सोडवून घ्यायचे, हा मार्ग सोपा आहे खरा, पण त्यातून मुलांच्या हाती केवळ कथानक लागते. ‘ओडिसी’ सुमारे 12,100 ओळींची आणि ‘इलियड’ सुमारे 15,700 ओळींची आहे. यांपैकी कोणत्याही एकीचे कथानक दहा मिनिटांत सांगून होते. पाहुणा दारात आल्यावर त्याच्या हातावर पाणी कोणी घातले, जहाज किनाऱ्यावर कसे ओढून घेतले, रागावलेला माणूस बोलण्यापूर्वी किती वेळ गप्प राहिला, या सगळ्याने उरलेल्या हजारो ओळी भरलेल्या आहेत, आणि मुलांना नेमके तेच हवे असते.

ही काव्ये कानांसाठीच घडली. इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास त्यांना आजच्यासारखे रूप आले असे सामान्यतः मानले जाते. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ती गायकांच्या तोंडी होती, आणि पुढे अथेन्सच्या पानाथेनाइया उत्सवात व्यावसायिक पाठक ती लोकांपुढे म्हणून दाखवत. 1933 ते 1935 या काळात मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने तेव्हाच्या युगोस्लाव्हियात जाऊन गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर वीरगाथा गाणाऱ्या गायकांचे ध्वनिमुद्रण केले. हजारो ओळींची गाथा हे गायक शब्दशः पाठ करत नसत. तयार पदबंध आणि ठरावीक प्रसंगांची बांधणी त्यांच्या जिभेवर असे, आणि त्यांच्या आधारे ते प्रत्येक वेळी गाथा नव्याने उभी करत. होमरमधली पुनरुक्ती कोठून आली, याचा उलगडा या कामामुळे झाला. वर्गात या पुनरुक्तीचे मोल फार आहे. संक्षिप्त आवृत्त्या सर्वांत आधी तीच गाळतात. आपण ती कटाक्षाने राखावी. नवा दिवस उजाडला की प्रत्येक वेळी तेच वाक्य यावे: ‘भल्या पहाटे जन्मलेली, गुलाबी बोटांची उषा प्रकटली.’ तिसऱ्या-चौथ्या तासाला शिक्षकाने ‘भल्या पहाटे’ एवढे म्हणून थांबावे. पुढचे सारा वर्ग म्हणतो.

विशेषणांचेही तसेच आहे. ‘इलियड’मधला ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस ‘चपळ पायांचा’ असतो आणि तो आपल्या तंबूत रुसून बसलेला असतानाही होमर त्याला चपळ पायांचाच म्हणतो. कौंतेय, राधेय, दशरथनंदन ही नावे कानांवरून गेलेली असल्यामुळे ‘पेलेउसचा पुत्र’ म्हणजे अकिलीसच, हे मराठी मुलांना समजावून सांगावे लागत नाही. मी मुलांना घरातल्या एका माणसासाठी असे विशेषण तयार करायला सांगते आणि त्याला एकच नियम घालते: तो माणूस झोपलेला असला तरी ते विशेषण त्याला शोभले पाहिजे. ‘चिडलेली आई’ हे या नियमात बसत नाही, ‘खिशात शेंगदाणे ठेवणारे आजोबा’ हे बसते. एवढ्या एका नियमातून होमरची विशेषणे त्या क्षणाचे वर्णन न करता माणसाची कायमची ओळख का सांगतात, हे मुलांना व्याख्येवाचून कळते.

छंदाला घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही काव्ये षट्पदी छंदात आहेत. त्यात एका ओळीचे सहा गट पडतात आणि मूळ गट गुरु-लघु-लघु असा असतो. ज्यांनी ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केले आहे त्यांनी हा ‘भ’ गण लगेच ओळखला असेल. कोठे कोठे दोन लघूंच्या जागी एक गुरु येतो आणि शेवटचा गट दोनच अक्षरांचा असतो. ‘ओडिसी’ची पहिली ओळ वर्गासाठी फार सोयीची आहे, कारण तिच्यात पहिले पाचही गट गुरु-लघु-लघु असेच आहेत: आन्द्रा मोइ, एन्नेपे, मूसा पो, लूत्रोपोन, होस माला, पोल्ला. (‘हे काव्यदेवते, अनेक वळणांच्या त्या माणसाविषयी मला सांग, ज्याला फार…’ असा तिचा अर्थ, वाक्य पुढच्या ओळीत पूर्ण होते.) ग्रीकमधले ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ देवनागरीत दाखवता येत नाहीत, म्हणून लिहिलेल्यावर न विसंबता टाळीवर विसंबावे: एक लांब टाळी, दोन आखूड, असे पाच वेळा, आणि शेवटी दोन. प्रत्येक तासाची सुरुवात या ओळीने करावी. मुलांना ती आठवडाभरात पाठ होते, आणि सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वीची एक ओळ आपल्याला तिच्या मूळ भाषेत म्हणता येते याचा त्यांना जो अभिमान वाटतो, तो पुढच्या सगळ्या तासांना पुरतो.

सुरुवात ‘ओडिसी’पासून करावी, आणि ‘ओडिसी’ची सुरुवात होमर करतो तेथूनच करावी. राक्षसाची गुहा मुलांना आवडणार म्हणून बहुतेक जण थेट तिकडे धावतात. होमर मात्र आधी कथानायक ओडिसियसच्या मुलाला, तेलेमाखोसला, दाखवतो. त्याचे वडील तो तान्हा असताना ट्रॉय नगरीविरुद्धच्या युद्धाला गेले, त्याला वीस वर्षे होत आली, आणि घरात आईशी लग्न करू पाहणाऱ्या परक्या पुरुषांनी ठाण मांडले आहे. ज्याचे वडील घरी नाहीत असे एखादे मूल बहुतेक वर्गांत असते. या एका तासामुळे पुढचा सगळा प्रवास ‘बाबा कधी येणार’ या प्रश्नाला बांधला जातो. त्यानंतर पाचव्या आणि सहाव्या सर्गांत यावे: कालिप्सो या देवतेच्या बेटावर अडकलेला ओडिसियस, त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेला तराफा, वादळ, आणि मग धुणे धुवायला आलेल्या नाउसिका या राजकन्येच्या चेंडूच्या खेळाने त्याचे जागे होणे.

नवव्या सर्गापासून बाराव्यापर्यंतची कथा राजा अल्किनोओसच्या दरबारात ओडिसियस स्वतः सांगतो. येथे शिक्षकाने निवेदकाचे बोट सोडून ‘मी’ म्हणून बोलायला लागावे. मी वर्गातली जागा बदलते, खुर्ची मुलांच्या मधोमध ठेवते आणि ‘मी ओडिसियस, लाएर्तेसचा मुलगा’ असे म्हणून सुरू करते. मुलांची बसण्याची तऱ्हाच बदलते. सांगणारा माणूस स्वतःची बाजू सांगतो आहे, तो सगळे खरेच सांगत असेल का, ही शंका नऊ वर्षांच्या मुलाला आपोआप येते, आणि ती आलेली फार चांगली.

पॉलिफेमोस या एकडोळ्या राक्षसाच्या गुहेला दोन तास द्यावेत. पहिल्या तासात गुहेत शिरणे, परत फिरण्याची सोबत्यांची विनवणी, दाराशी लोटलेला प्रचंड धोंडा आणि ‘माझे नाव कुणीनाही’ ही ओडिसियसची थाप आणि झोपलेल्या राक्षसाचा डोळा फोडणे येथपर्यंत यावे. मराठीत ही युक्ती प्रश्नोत्तराच्या रूपातच नीट साधते, म्हणून गुहेबाहेर जमलेल्या शेजाऱ्यांची भूमिका अर्ध्या वर्गाला द्यावी: ‘कोण मारतंय तुला?’ आणि आतून उत्तर: ‘कुणीनाही!’ हशा पिकतो, आणि त्या हशातच पहिला तास संपवावा.

दुसऱ्या तासाचा जीव मेंढ्यात आहे. आंधळा झालेला पॉलिफेमोस दाराशी बसून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेंढ्याची पाठ चाचपतो. माणसे मेंढ्यांच्या पोटाखाली आहेत हे त्याला कळत नाही. सर्वांत मोठा मेंढा सर्वांत शेवटी येतो, कारण त्याच्या पोटाखाली ओडिसियस लोंबकळत असतो. त्याला थांबवून पॉलिफेमोस विचारतो, ‘माझ्या राजा, आज तू सर्वांच्या मागे का? एरवी कुरणात, ओढ्यावर, संध्याकाळी घराकडे, सगळीकडे तूच पुढे असतोस. धन्याच्या डोळ्याचे दुःख होते आहे का तुला?’ क्षणापूर्वी ओडिसियसची सुटका व्हावी म्हणून श्वास रोखून बसलेली मुले येथे गोंधळतात. ज्याने माणसे खाल्ली त्याचीच कणव येते, हे त्यांना अडचणीचे वाटते. त्या गोंधळाला हात लावू नये. ‘मग तो वाईट की चांगला?’ असा प्रश्न शिक्षकाने चुकूनही विचारू नये. मुले तो मधल्या सुट्टीत एकमेकांना विचारतात.

सुटून जहाजावर पोहोचल्यावर ओडिसियस, सोबती आवरत असतानाही, आपले खरे नाव, बापाचे नाव आणि गाव ओरडून सांगतो. त्यामुळे पॉलिफेमोसला आपल्या बापाला, म्हणजे समुद्रदेव पोसेइदोनला, नावानिशी शाप मागता येतो: हा घरी पोहोचू नये, पोहोचणारच असेल तर उशिरा पोहोचावा, हालांत पोहोचावा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरी संकट वाट पाहत असावे. हा शाप मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावावा. पुढे जे जे खरे होत जाते, त्यापुढे मुले स्वतः येऊन खूण करतात. वर्गात टिकणारे दुसरे कोणतेही साधन मला इतके उपयोगी पडलेले नाही. नकाशावर फार वेळ घालवू नये. आजच्या तुर्कस्तानातल्या हिसार्लिक येथे ट्रॉयचे उत्खनन झाले आहे आणि ग्रीसच्या पश्चिमेला इथाका आहे, या दोन जागा दाखवल्या की पुरे, कारण मधली बेटे गोष्टीतली आहेत.

उत्तरार्धात तीन प्रसंग सोडू नयेत: भिकाऱ्याच्या वेषातल्या धन्याला वीस वर्षांनी ओळखून शेपूट हलवणारा आणि तेथेच प्राण सोडणारा आर्गोस कुत्रा, पाय धुताना जुन्या व्रणावरून ओडिसियसला ओळखणारी दाई, आणि जिवंत ऑलिव्हच्या बुंध्याचाच खूर करून घडवलेला, म्हणून जागचा न हलणारा पलंग, ज्याच्या आधारे पेनेलोपी नवऱ्याची परीक्षा घेते. आर्गोसच्या तासाला काही मुले रडतात. त्याबद्दल पालकांना आधी सांगून ठेवावे, पण प्रसंग गाळू नये.

‘इलियड’ या वयात संपूर्ण घेऊ नये. तिच्यातले तीन-चार प्रसंग घ्यावेत, आणि ते ‘ओडिसी’ संपल्यावर. सहाव्या सर्गात ट्रॉयचा वीर हेक्टर रणांगणावर परतण्याआधी बायकोला आणि तान्ह्या मुलाला भेटतो. शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून बाळ किंचाळून दाईला बिलगते, आईबाप हसतात, हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मुलाला उचलून घेतो. हे सांगायला पाच मिनिटे लागतात, आणि हेक्टर मुलांच्या मनातून पुढे जात नाही.

त्यानंतर या काव्याची दोन टोके एकमेकांशेजारी ठेवावीत. पहिल्या सर्गात क्रीसेस हा म्हातारा पुजारी भरपूर खंडणी घेऊन ग्रीकांच्या छावणीत येतो आणि पकडून नेलेली आपली मुलगी परत मागतो. ग्रीकांचा सेनापती आगामेम्नोन त्याला हाकलून देतो, आणि तेथून सगळा अनर्थ सुरू होतो. चोविसाव्या सर्गात हेक्टरचा बाप प्रिआम हा ट्रॉयचा म्हातारा राजा खंडणी घेऊन रात्री शत्रूच्या छावणीत जातो, हेक्टरला मारणाऱ्या अकिलीसचे हात चुंबतो आणि मुलाचे प्रेत परत मागतो. अकिलीसला स्वतःचा बाप आठवतो, दोघेही रडतात, आणि तो प्रेत देतो. एका बापाला नकार मिळतो आणि एकाला होकार. हे साम्य मी सांगत नाही. दोन्ही प्रसंग लागोपाठच्या तासांना सांगते आणि थांबते. कोणीतरी मूल ते बोलून दाखवतेच. मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे माझे उत्तरही येथेच आहे. ग्रीकांचे हे काव्य ग्रीकांच्या विजयाने संपत नाही, शत्रूच्या मुलाच्या अंत्यसंस्काराने संपते, आणि हे मुलांनी लहानपणी ऐकलेले असावे असे मला मनापासून वाटते. ‘ओडिसी’त धनुष्याला प्रत्यंचा चढवण्याचा प्रसंग आला की ‘सीतेच्या स्वयंवरासारखे!’ असे मुले ओरडतात. ओरडू द्यावे. कोणी कोणाचे घेतले, कोणते काव्य मोठे, या चर्चेत मात्र वर्गाला नेऊ नये. त्यातून दोन्ही काव्ये ऐकायची राहून जातात.

रक्तपाताविषयी माझा नियम असा आहे की जखमेचे वर्णन गाळावे, मेलेल्या माणसाला गाळू नये. ‘इलियड’मध्ये भाला कोठून शिरून कोठून निघाला याचे तपशील पुष्कळ आहेत, ते या वयाला नकोत. पण होमर मरणाऱ्याचे नाव, आईबाप आणि गावही सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. चौथ्या सर्गातला सिमोएइसिओस हा तरुण सिमोएइस नदीच्या काठी जन्मला म्हणून त्याचे नाव नदीवरून पडले. आईबापांनी वाढवल्याचे ऋण फेडायला तो उरला नाही, एवढे होमर दोन-तीन ओळींत सांगतो. ते ऐकल्यावर युद्ध म्हणजे खेळ असे मुलांना वाटत नाही. ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गातला, घरात ठाण मांडलेल्या त्या पुरुषांचा संहार मी चार-पाच वाक्यांत सांगते, आणि बारा दासींना फाशी दिल्याचा भाग प्राथमिक शाळेत सांगत नाही. गुलामगिरी मात्र लपवू नये. ती प्रेमळ दाई एउरिक्लेइआ हिला लाएर्तेसने वीस बैलांच्या मोलाने विकत घेतले होते, असे काव्यातच आहे. ‘माणसे विकत मिळायची?’ असे मुले विचारतात. ‘हो, मिळायची, आणि ते अन्यायाचे होते’ एवढे सरळ उत्तर पुरे. क्रीसेसची मुलगी आणि ब्रिसेइस यांच्याविषयी ‘युद्धात पकडून नेलेल्या स्त्रिया’ असे म्हणावे, ‘मैत्रिणी’ किंवा ‘पाहुण्या’ म्हणू नये.

ग्रीक येत नाही म्हणून अडून राहू नये. ग्रीसमध्येही माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी ‘ओडिसी’ आणि दुसऱ्या वर्षी ‘इलियड’ शिकवतात ती आधुनिक ग्रीक भाषांतरातून, आणि त्याआधी प्राथमिकच्या तिसरीत इतिहासाच्या विषयातच मुलांना ट्रॉयच्या युद्धाच्या आणि ओडिसियसच्या कथा भेटतात. शिक्षकाने स्वतः मात्र संक्षिप्त आवृत्तीवर न थांबता एखादे संपूर्ण भाषांतर, मग ते इंग्रजीतले का असेना, सर्ग क्रमांकांसह वाचलेले असावे. ते वाचलेले नसले की ठरावीक गोष्टी चुकीच्या सांगितल्या जातात: लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये नाही, त्याची हकिकत ‘ओडिसी’त येते, अकिलीसच्या टाचेची गोष्ट होमरमध्ये कोठेच नाही, आणि ‘इलियड’मध्ये दहा वर्षांचे युद्ध नसून दहाव्या वर्षातले काही आठवडे आहेत. नावांचे एकच रूप पक्के करावे. आज ओडिसियस आणि उद्या युलिसिस असे केले तर मुलांना ती दोन माणसे वाटतात.

आठवड्याला दोन तास मिळाले तर ‘ओडिसी’ एका सत्रात सावकाश होते. तासातली पंधरा-वीस मिनिटे सांगण्यात जावीत आणि उरलेला वेळ मागच्या भागाचे कथन मुलांनी करावे, प्रत्येकाने थोडे थोडे, एकाने सोडले तेथून दुसऱ्याने उचलत. परीक्षा घ्यावीच लागत असेल तर ‘कोण कोणास म्हणाले’ आणि ‘तात्पर्य लिहा’ हे दोन प्रश्न टाळावेत. मुलाला एक प्रसंग निवडून पाच मिनिटे सांगू द्यावा आणि तीनच गोष्टी पाहाव्यात: क्रम राहिला का, निदान एक विशेषण जागेवर आले का, आणि ऐकणारी मुले शेवटपर्यंत ऐकत राहिली का. वर्गात एरवी तोंड न उघडणारी मुले या परीक्षेत पुष्कळदा सर्वांत चांगली सांगतात, म्हणून त्यांची पाळी पहिल्या दिवशी न ठेवता दुसऱ्या दिवशी ठेवावी.